आक्का, तू माझ्या कार्डावर नव्हतीस

तुला सोशिक म्हणाले ते, आक्का. दहाव्याला गावाकडून जीप भरून माणसं आली होती. एकेकजण उठला आणि तुझ्या सोशिकपणाबद्दल दोन शब्द बोलून बसला. मी मान खाली घालून ऐकलं. माझी मान खालीच असते, तुला माहीत आहे. पण घरी आलो तेव्हा इतका संताप आला की पाय धुवायला मोरीत गेलो आणि तिथंच बसून राहिलो. सोशिक! जी बाई कारखान्याच्या गेटावर उभी राहून इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या सख्ख्या भावाला ‘ए इस्त्रीच्या बैला’ अशी हाक मारते, ती सोशिक? तू काही सोसलं नाहीस. पटलं नाही ते समोरच्याच्या तोंडावर फेकलंस आणि पुढं चालू लागलीस. माणूस गेला की त्याला मऊ करून ठेवायची आपल्यात रीत आहे. तुझ्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही. आयुष्यभर कमी बोललो. आता बोलतो, आणि तुझ्याशीच बोलतो, कारण मधे बोलायला तू नाहीस.

आपल्या आईमागं मला तू वाढवलंस. दाजींना औरंगाबादच्या कारखान्यात काम लागलं आणि तू वैजापूरकडचं आपलं गाव सोडलंस, तेव्हा एका काखेत बोचकं आणि दुसऱ्या हाताला मी, अशी निघालीस. माझं कॉलेज तुझ्या चुलीवर झालं. त्या चुलीवर मी एकटा नव्हतोच म्हणा. दिवाळी झाली की तुझे दीर आणि जाऊ मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायचे आणि त्यांची दोन पोरं शाळेसाठी तुझ्याकडं ठेवून जायचे. दाजींची एक विधवा आत्याही होती, जिला ऐकू कमी यायचं आणि भूक जास्त लागायची. एवढ्या सगळ्यांची भाकरी तू थापायचीस आणि वर म्हणायचीस, “खा रं, पीठ काय माझ्या बापाचं नाय, दाजीचं हाय.”

मग मला दाजींच्याच कारखान्यात टाइम ऑफिसात कारकुनी मिळाली. वाळूजच्या माळावर तेव्हा रोज नवी शेड उभी राहत होती. आज ज्वारी दिसली तिथं उद्या पत्रे. हजेरी, पगार आणि कामगारांची विम्यात नोंद, ही माझी कामं. सरकारी विम्यात नाव लागलं की कार्ड मिळतं. कार्ड असलं की कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना विम्याच्या दवाखान्यात औषधपाणी फुकट, आणि कामगार आजारी पडून घरी बसला तर त्या दिवसांचा काही पगारही. मजुरी करणाऱ्या घराला याहून मोठा आधार नाही. हा आधार आणि ती माणसं यांच्यामध्ये एक खिडकी होती. खिडकीत मी होतो.

अर्जात ‘कुटुंबातील व्यक्ती’ असा रकाना होता. आपल्या माणसांनी त्यात चुलीवर जेवणारे सगळे घातले. दिराची पोरं, मामेभाऊ, परसोड्याची मावशी, जो जेवतो तो घरचा. विमा कार्यालयानं ते अर्ज गठ्ठ्यानं परत पाठवले. मॅनेजरनं मला उभं करून झापलं. मग मी चाळणी लावून बसलो आणि पहिलाच सापडला तो दाजींचा अर्ज. त्यात मी होतो, ती दोन पोरं होती, आत्या होती. मी त्यावर ‘खोटी माहिती’ असा शेरा मारला.

त्या संध्याकाळी तू ताट वाढलंस आणि विचारलंस, “कोण खोटं रं? ही पोरं खोटी हायेत?”

“आक्का, कायद्यात कुटुंब म्हणजे बायको, स्वतःची पोरं आणि आईबाप. बस.”

“आन तू?”

“मी नाही त्यात.”

“मग ऊठ. कायद्यात नाय त्यानं माझी भाकर कशाला खायची?”

आणि खरंच ताट ओढून घेतलंस. आत्या म्हणाली, “झालं का जेवण एवढ्यात?” तिला वाटलं मी उठलो. तिचं ऐकून पोरं हसली. तू ताट परत सरकवलंस, पण तू हसली नाहीस.

इथं माझी हुशारी सुरू झाली. अर्ज परत यायला नकोत म्हणून मी एक युक्ती काढली. प्रत्येक कामगारानं गावच्या सरपंचाचा दाखला आणायचा, की हा आमच्या गावचा आणि याच्या घरात अमुकतमुक माणसं आहेत. विम्याच्या कायद्यात असला दाखला नव्हता. विमा कार्यालयानं तो कधी मागितला नाही. मॅनेजरनंही नाही. तो माझ्या डोक्यातून निघाला, मी त्याला कंपनीचा नियम म्हणू लागलो, आणि काही महिन्यांत मलाही तो नियमच वाटू लागला. ज्यांचा सरपंच मामा किंवा मेव्हणा होता त्यांना दाखला चहाच्या कपाबरोबर मिळायचा. बाकीचे एक दिवस काम बुडवून जायचे, सरपंच शेतात गेला असं ऐकून परत यायचे.

आणि ते दिवस नामांतराचे होते.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. औरंगपुऱ्यातल्या मित्राच्या खोलीवर आम्ही रात्र रात्र वाद घालायचो, म्हणजे ते घालायचे आणि मी मान हलवायचो. तुला मात्र तो सगळा खुळेपणा वाटायचा. “नाव बदलून नळाला पानी येणार हाय का?” असं तू चारचौघांत म्हणायचीस. मग आपल्याच गावातल्या खालच्या आळीतली घरं जळाली आणि तिथले सुदाम आणि लक्ष्मी वस्तीत तुझ्या शेजारी पत्रे टाकून राहायला आले. तू पहिल्याच दिवशी त्यांना पाण्याची घागर दिलीस आणि वर तेच ऐकवलंस. लक्ष्मीनं घागर खाली ठेवली.

“नावानं पानी येत नाय ना, आक्का? मग नुसतं नाव म्हणलं तर आमची घरं का जळायलीत?”

तू घागर उचललीस आणि तिच्या घरात नेऊन ठेवलीस. माझं मत बरोबर होतं आणि मी काही केलं नाही. तुझं मत चुकीचं होतं आणि तू घागर नेऊन ठेवलीस. या एका गोष्टीचा मला आजवर राग आहे, तुझा नाही, माझा.

दाजींनी सुदामला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लावून दिलं. तो खिडकीवर आला, मी दाखला मागितला. तो आपल्या गावाला गेला. सरपंच कोण, तर आपला चुलतमामा. त्यानं सुदामला अंगणात उभं ठेवलं आणि म्हणाला, “विद्यापीठाचं नाव बदलाया निघालात ना? मग तिथूनच दाखला आना.” सुदामनं हे मला जसंच्या तसं सांगितलं, आवाज न चढवता. त्याच्या मागं रांग होती. दाखला माझाच होता, आक्का. मी म्हटलं असतं, राहू द्या, तर तिथंच संपलं असतं. मी म्हणालो, “बघा, परत एकदा जाऊन या.”

हे वाक्य मी अजून ऐकतो. त्यात शिवी नाही, धमकी नाही. किती सभ्य वाक्य आहे.

तो परत गेला, परत आला. नंतर यायचा थांबला. कार्ड नाही म्हणजे आजारी पडायची सोय नाही, म्हणून तो खोकला गिळून प्रेसवर उभा राहायचा. लक्ष्मीनं एक दिवस तुला त्याचा रुमाल दाखवला. त्यावर रक्त होतं. तू भाकरी तव्यावर टाकून निघालीस, आणि आत्यानं ती जळेपर्यंत पाहिली नाही.

पाळी सुटत होती. गेटावर माणसांचा लोंढा, आणि त्यात तुझी हाक.

“ए इस्त्रीच्या बैला, भाईर ये!”

“आक्का, घरी बोलू.”

“घरी तू माझा भाऊ हायेस. हितं कोण हायेस ते बघाया आले. सुदामचं नाव का लावीना गेलास?”

“नियम आहे.”

“कुणाचा? सरकारचा?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

“कंपनीचा?”

मी चपलांकडं बघत राहिलो. लहानपणी गूळ चोरला तरी मी असाच बघायचो, तू ते विसरली नव्हतीस.

“रंग्या,” तू एकदम हळू आवाजात म्हणालीस, “तुझा हाय व्हय रं नियम?”

लोक थांबले होते. तू मागं वळलीस आणि आवाज परत चढवलास. “आमच्या बापाच्या कळपात दुसऱ्याची मेंढरं कालवली तरी कोणतं कुणाचं ते तो बघून सांगायचा. मेंढराच्या गावाला जाऊन दाखला नव्हता मागत! ह्यो सुदाम रोज ह्या गेटातून आत जायलाय. कोण वळखतो ह्याला?”

प्रेसवरचे दोघं पुढं आले. “आम्ही वळखतो की. आमच्या पाळीतला हाय.”

“बायको वळखता?”

“तिच्या हातचं कालवण खाल्लंय.”

“लिव्ह,” तू मला म्हणालीस. “दोघं वळखत्यात. आनखी काय पायजे सरकारला?”

सरकारला खरोखर आणखी काही नको होतं. मी तिथंच, वॉचमनच्या पेटीवर कागद ठेवून सुदामचा अर्ज भरला, आणि तो अर्ज परत आला नाही. कार्ड आलं, औषधं सुरू झाली. आजारपणाचा पगार उशिरा सुरू झाला, कारण नोंदच उशिरा झाली होती. तो वाचला. पण प्रेसवर परत उभा राहू शकला नाही. चार पायऱ्या चढल्या तरी अजून त्याला धाप लागते. आता गेटासमोर त्याचं चहाचं दुकान आहे आणि मी रोज त्या धापेसमोर चहा पितो.

त्यानंतर विम्याचे अर्ज भरायला गेटाबाहेर टेबल लागलं. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कुणाची मजुरी बुडायला नको. तू मला ‘कुटुंबातील व्यक्ती’ विचारायची बंदी केलीस. “सरळ इचार. पोटची पोरं किती? बायको कोण? आईबाप हायेत का, तुझ्यावर हायेत का? माणूस खोटं बोलत नाय, तूच वाकडं इचारतोस.” गावचा दाखला गेला, त्याच्या जागी त्याच पाळीतले दोन सोबती आले. औरंगपुऱ्याहून फोटोवाला मुनीरभाई स्कूटरवर पांढरी चादर बांधून यायचा, कारण कार्डाला घरच्यांचा फोटो लागायचा आणि शहरात जाऊन फोटो काढायचा म्हणजे आणखी एक दिवस गेला. त्याच्यापुढं कुणी आत्या-मावश्यांसह उभं राहिलं की तो डोक्याला हात लावायचा. “आक्का, ये फॅमिली हय की बारात?” तू म्हणायचीस, “भाई, तू पैले मागं सरक, मंग सांगते कोण कोण काढायचं.”

आणि बायकांचं ते एक. नवरा सुट्टीतही जादा पाळीवर असला की बायको यायची आणि मी विचारायचो, नवऱ्याचं नाव? ती पदर तोंडात धरून उभी. आपल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला माहीत असून मी रकाना कोरा ठेवायचो, आणि अर्ज अपुरा म्हणून परत यायचा. तू त्यांना उखाणा घ्यायला लावलास. एक नवी लग्न होऊन आलेली पोरगी अजून आठवते, मेंढक्याचीच, चादरीपुढं उभी राहून एका दमात म्हणाली,

“पहाटेच्या भोंग्यानं वस्ती होते जागी,
दगडूरावांचं नाव घेते, कार्ड द्या बेगी!”

गेटावर हशा उसळला. “लिव्ह रं, दगडू,” तू म्हणालीस. “राव खोडून लिव्ह, कायद्यात बसत नसंल.” मीही हसलो. माझ्या नोकरीत मी मोठ्यानं हसलेला तो पहिला दिवस.

पण आपलं भांडण मिटलं नाही. तुझं म्हणणं, चुलीवर जेवतं त्या सगळ्यांचं कार्ड व्हायला पाहिजे. माझं म्हणणं, असं केलं तर विमा बुडेल. तू म्हणायचीस, “चूल बुडाली का माझी?” मी आकडे सांगायचो, तू भाकरी दाखवायचीस. मी तेव्हाही हरलो नव्हतो, आजही पूर्ण हरलो नाही. तू समोर असतीस तर अजून भांडलो असतो.

विद्यापीठाचं जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं जोडलं, तो नामविस्तार झाला त्या दिवशी लक्ष्मी पेढे घेऊन आली. तू जुनी खोड सोडली नाहीस. “निम्मंच दिलं गं त्यांनी. कार्डावर पोरं घातली आन बायको राहिली, तसं केलं.” लक्ष्मी म्हणाली, “निम्मं का व्हईना, आमच्या मढ्यांवरनं आलंय. खा.” तू खाल्लास. दोघी उंबऱ्यात बसून राहिलात. मी समोरून गेलो तर तू मला हातानं पुढं जायला सांगितलंस. तिथं माझं काम नव्हतं.

दाजी गेले आणि त्यांच्याबरोबर तुझं कार्ड गेलं. तुला पोटचं कुणी नव्हतं, पुढं तू माझ्या घरी आलीस, माझ्या चुलीवर जेवलीस. माझ्या कार्डावर बायको होती, पोरं होती. बहीण हे नातं त्या कायद्याच्या घरात नाही. तुझ्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तू ते लपवलंस, नाही म्हणू नकोस. तुला ठाऊक होतं की माझ्या कार्डावर विम्याच्या दवाखान्यात तुला कुणी घेणार नाही, आणि खाजगी दवाखान्याचं नाव काढलं की तू कूस बदलायचीस.

मग एके दुपारी मी तुझ्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, “आक्का, मी तुला आई म्हणून घालतो. कोण बघायला येतंय?”

मी. ‘खोटी माहिती’ लिहिणारा मी.

तू माझ्याकडं कूस वळवलीस. “तवा माझ्या खऱ्याला खोटं म्हणलास. आता खोट्याला खरं म्हणाया निघालास व्हय?”

“आईसारखीच आहेस तू.”

“सारखी नाय. मी आक्का हाय. आक्का म्हणून जागा असंल तर घाल. नायतर ऱ्हाऊ दे.”

जागा नव्हती. राहू दिलं. मी तुला उचलून नेलं तेव्हा उशीर झाला होता. तुझा हट्ट म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकलो असतो. घालत नाही. हा हट्ट नव्हता. मरताना तू कार्डावरच्या एका ओळीसाठी भांडत होतीस आणि ती ओळ माझ्यासाठी नव्हती की तुझ्यासाठी नव्हती. भावाच्या, दिराच्या, पुतण्याच्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्या बायांसाठी ती होती. ते मला खाटेशी बसून कळलं नाही. आता कळतंय.

आणि दहाव्याला सोशिक हा शब्द पहिल्यांदा कुणी काढला सांगू? चुलतमामानं.

मी कामावर परत गेलो त्या दिवशी नव्या मॅनेजरनं बोलावलं. कारखाना वाढतोय, ठेकेदाराचे नवे कामगार सोमवारपासून येणार आहेत. त्यांची विम्यात नोंद करायची आहे. तुझ्याबद्दल दुःख झालं म्हणाले, भले गृहस्थ आहेत. मग म्हणाले, “पूर्वी तुमच्याकडं गावच्या दाखल्याची पद्धत होती म्हणे. ती परत सुरू करा. माणूस कुठल्या गावचा, कुठल्या घरचा, आधी कळलेलं बरं. सध्या वातावरण कसं आहे तुम्हाला माहीतच आहे.”

मला माहीत होतं. त्यांना गाव नको होतं. त्यांना आडनाव आणि आळी हवी होती.

“नाही करणार,” मी म्हणालो.

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. शेजारचा टायपिस्टही थांबला. मी कधी ‘नाही’ म्हटलेलं त्या ऑफिसात कुणी ऐकलं नव्हतं.

“कारण?”

“ती पद्धत मी काढली होती, साहेब. ती कशाला उपयोगी पडते ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.”

ते म्हणाले, तुमच्यावर दुःखाचा प्रसंग आहे, आठवडाभर सुट्टी घ्या, नोंदीचं काम दुसरं कुणी बघेल. म्हणजे खिडकीत दुसरा बसेल आणि सभ्यपणे सांगेल, परत एकदा जाऊन या. मी म्हटलं, सुट्टी घेतो.

बाहेर येऊन सुदामकडं गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणालो, सोमवारी तुझ्या दुकानासमोर टेबल टाकतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की दाखला लागत नाही, मागितला तर देऊ नका, आणि जो मागेल त्याला विचारा, कुठल्या कायद्यात आहे. अर्ज तिथंच भरून देतो, दोन सोबत्यांच्या सह्या घेतो. कंपनीनं घेतला नाही तर सगळे मिळून विमा कार्यालयात जाऊ. आणि म्हणालो, “लोकांना तुझी गोष्ट सांगीन, सुदाम. दाखल्यापायी काय झालं ते.”

सुदामनं कप विसळला. “टेबल देतो. बाकडं देतो. माझी गोष्ट तुम्ही नाय सांगायची, भाऊ. माझी मी सांगीन. तुम्ही तुमची सांगा.”

किती वर्षं तो हे बोलायचा थांबला होता कुणास ठाऊक. तू असेपर्यंत बोलला नाही, बहुतेक तुझ्यासाठी.

आज रविवार आहे, आक्का. नोकरी राहील का, मला माहीत नाही. घरात सांगितलं आहे. बायको म्हणाली, “आक्कांच्या मागं तुमच्या अंगात आलंय.” मी म्हटलं, नाही, हे माझंच आहे, जरा उशिरा आलं. तुझ्या फोटोला हार घातला नाही अजून. घालायचा की नाही ठरवलं नाही. तुला बांधून ठेवल्यासारखं वाटतं.

उद्या पहिल्या पाळीच्या आधी मी गेटाबाहेर बसतो. वॉचमन येईल, मग सुपरवायझर, मग साहेब स्वतः. विचारतील, कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला? लोक तुझं नाव ऐकलं की अजून दोन पावलं मागं सरकतात, तेव्हा ते घेतलं तर सोपं जाईल. मी घेणार नाही. माझं घेईन.